शेवट गोड नसलेली पुस्तकं तिला द्यावीत का?

«माझी धाकटी बहीण वीस वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी आमचे वडील गेले आणि घर चालवण्यासाठी तिने कॉलेज सोडून नोकरी धरली. माझं लग्न झालंय, मी दुसरीकडे राहते. आई तिच्याजवळ असते. पूर्वी ही मुलगी हाताला लागेल ते वाचायची. आता कामावरून येते, जेवते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहते. गेल्या महिन्यात मात्र आपण होऊन म्हणाली, ‘ताई, माझ्याएवढ्या मुलींवर वाईट वेळ आली तेव्हा त्यांनी काय केलं, हे कुणी नीट लिहिलंय का? असेल तर आण. पण शेवटी सगळं छान होतं, तसलं नको.’ आईचं म्हणणं असं की ती आधीच कोमेजली आहे, रडकी पुस्तकं देऊ नकोस, यशस्वी माणसांची चरित्रं दे. मला दोघींचंही पटतं. मराठी ती भराभर वाचते. हिंदीही वाचते. इंग्रजीला वेळ लागतो, पण जमतं. काय देऊ? — एक मोठी बहीण»

ताई,

तुमच्या बहिणीने जे मागितलंय तेच तिला द्या. दोन वर्षं गप्प राहिलेली मुलगी आपण होऊन काही मागते, आणि तेही इतकं नेमकं, तेव्हा तिच्या मागणीत आपण दुरुस्ती करायला जाऊ नये. तिने काय विचारलंय ते पुन्हा एकदा बघा. त्या मुली कशा जिंकल्या, असं तिने विचारलेलं नाही. त्यांनी काय केलं, असं विचारलंय. रोज सकाळी उठून कामाला जाणाऱ्या मुलीचा हा प्रश्न आहे.

आईंची काळजी मला कळते. त्यांच्या डोळ्यांसमोर लेक मिटत चालली आहे आणि तिच्या हातात आणखी एक दुःखाचं पुस्तक द्यायचं, हे कुठल्याही आईला पटणार नाही. पण दुःखाचं पुस्तक दुःखी माणसाला आणखी खचवतं, हे सरसकट खरं नाही. खचवणारी पुस्तकं वेगळी असतात. त्यात लिहिणाऱ्याला मुलीपेक्षा वाचकाच्या डोळ्यांतल्या पाण्याची फिकीर जास्त असते. तिथली मुलगी फक्त सोसते. तिला कुणाचा राग येत नाही, हेवा वाटत नाही, कंटाळा येत नाही, भलत्या वेळी हसू फुटत नाही. असली पुस्तकं मीही तुमच्या बहिणीला देणार नाही. निवडताना मी एकच गोष्ट बघते: त्या मुलीला स्वतःची नजर आहे का? तिच्यावर काय गुजरलं एवढंच पानावर आलंय, की ती त्याकडे कशी बघते तेही आलंय?

यशोगाथांबद्दल आईंना एवढंच सांगा, की त्यांत हलाखी पहिल्या प्रकरणात उरकते आणि पुढची सगळी पानं ती मागे पडल्याची असतात. तुमची बहीण अजून त्या पहिल्या प्रकरणातच आहे, आणि दुसरं कधी सुरू होणार हे तिला कुणी सांगितलेलं नाही. जिंकून बसलेल्या माणसाचं पुस्तक अशा वेळी उभारी देतंच असं नाही. ‘त्यांना जमलं, मला जमत नाही, म्हणजे मीच कमी पडते,’ असं वाटायला लावतं. पुढे कधीतरी ती पुस्तकं ती स्वतः आणेल.

सुरुवात मी ‘कळ्यांचे निःश्वास’पासून करेन. हा कथासंग्रह १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आला. नाव टोपण होतं. लेखिका होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर. पुस्तक आलं आणि गहजब झाला. एका बाईने शिकलेल्या, कमावणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघड लिहावं, हे अनेकांना सोसलं नाही. या संग्रहातल्या एका कथेचं नाव आहे ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ ताई, हे नाव जरा वेळ मनात राहू द्या. घर चालवणारी मुलगी हा प्रश्न तोंडाने कधीच विचारत नाही, कारण तो मनात आला तरी तिला अपराधी वाटतं. आईवर, भावंडांवर जीव आहे, कष्टांची तक्रार नाही, आणि तरी आपलं म्हणून जे आयुष्य असणार होतं ते कुठे गेलं, असं वाटत राहतं. नव्वद वर्षांपूर्वी एका लेखिकेने हे लिहून ठेवलंय. तुमच्या बहिणीला जर वाटत असेल की असले विचार येणारी आपण एकटीच आणि आपण वाईट, तर ते इथे संपेल.

दुसरं एक साधं कारण आहे. या कथा आहेत. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला पाचशे पानांचं पुस्तक बघूनच थकवा येतो. एक कथा झोपण्याआधी संपते, आणि काहीतरी पुरं वाचल्याचं समाधान मिळतं. वाचनाची मोडलेली सवय अशी थोडीथोडीच परत येते. भाषा जुनी आहे, पहिली कथा थोडी अडखळवेल, पुढे सवय होते.

त्यानंतर ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी छापून आलं, आणि माझ्या मते मराठीत याहून जिवंत गद्य फार थोडं आहे. अकराव्या वर्षी लग्न. नवरा म्हणजे नारायण वामन टिळक. कवी, विद्वान, मनाने मोठा, पण कुठल्या दिवशी न सांगता घरातून निघून जाईल याचा नेम नाही. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाई सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या. पदरी लहान मुलगा, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि जगाच्या दृष्टीने नवरा असून नसल्यासारखा. पुढची काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. नवऱ्याच्या सांगण्यावरून काही बदललं नाही. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतःला विचार करून पटलं, तेव्हाच, १९०० साली, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

एवढंच सांगितलं तर पुस्तक फार गंभीर वाटेल. ते तसं मुळीच नाही. लक्ष्मीबाई हसतात. नवऱ्याच्या लहरींना हसतात, स्वतःच्या भाबडेपणाला हसतात, आणि ज्या प्रसंगात आपण रडायला बसू अशी आपली खात्री असते तिथेही त्यांना काहीतरी गमतीचं दिसतं. दुःख लहान करून सांगण्यासाठी हे हसू नाही. दुःख आहे तेवढंच आहे, पण माणूस त्याच्यापेक्षा मोठा आहे, हे त्या एकदाही तसं न म्हणता दाखवतात. तुमच्या बहिणीचं हसणं गेलंय, असं तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून मला वाटतं. तिला परत हसवायला विनोदी पुस्तक चालणार नाही. अशा वेळी बाहेरचा विनोद टोचतो. दुःखाच्या आतून येणारं हसू चालतं, आणि ते इथे आहे. हे पुस्तक आईंनाही वाचायला द्या. कदाचित दोघी एकमेकींना वाचून दाखवतील.

तिसरं, आणि तुमच्या घराच्या सगळ्यात जवळचं, उर्मिला पवार यांचं ‘आयदान’. हे २००३ साली आलं. लेखिका लहान असतानाच वडील गेले. ते शिक्षक होते, मुलांनी शिकावं हा त्यांचा आग्रह होता. ते गेल्यावर आईने बांबूच्या टोपल्या, सुपं, म्हणजे आयदानं, विणून घर चालवलं. ही आई सतत विणत असते. पुस्तकभर तिचे हात चालू आहेत. घरात कुणी येवो, कुणी जावो, दुःखाची बातमी येवो, विणणं थांबत नाही, कारण थांबलं तर उद्याचं काय? लहानपणी लेखिकेला आईच्या या कामाची लाज वाटायची, कंटाळा यायचा, आईचा रागही यायचा. ते सगळं तिने लपवलेलं नाही. पुढे मोठेपणी तिला जाणवलं, की आईचं विणणं आणि आपलं लिहिणं एकाच जातीचं काम आहे.

या पुस्तकातली आणखी एक गोष्ट मला तुमच्या बहिणीपर्यंत पोचायला हवी आहे. उर्मिला पवारांनी पुढचं शिक्षण लग्नानंतर, नोकरी आणि मुलं सांभाळत घेतलं. एम. ए. केलं तेही घरातली कुरकुर ऐकत. शिक्षण एकदा सुटलं म्हणजे कायमचं सुटलं, असं वीस वर्षांच्या मुलीला सहज वाटतं. त्यावर कुणी उपदेश केला तर तो ऐकूनही घेतला जात नाही. इथे उपदेश नाही. एक बाई सगळं आवरून अभ्यासाला बसते, एवढंच आहे. दलित स्त्रीच्या वाट्याला जात आणि बाईपण ही दोन्ही ओझी एकदम येतात, हे या पुस्तकाच्या गाभ्याशी आहे. ते बाजूला ठेवून नुसती ‘कष्टाची कहाणी’ म्हणून ते वाचू नये.

बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ याच वाटेवरचं, आधीचं पुस्तक. ते पुस्तकरूपाने १९८६ मध्ये आलं. आकाराने लहान, पण वाचायला जड. त्यात ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ जास्त आहे, कारण लेखिकेला स्वतःची गोष्ट सांगण्यापेक्षा आपल्या माणसांचं जगणं नोंदवायचं होतं. सासरहून पळून जाऊ नये म्हणून कोवळ्या वयाच्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवत, हे वाचताना पुस्तक खाली ठेवावं लागतं. बेबीताईंचं छोटं दुकान होतं. माल बांधून द्यायला आणलेली रद्दी त्या वाचायच्या, आणि वेळ मिळेल तसं लिहायच्या. लिहिलेलं घरात कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून अडगळीत लपवून ठेवायच्या. अशी वीसएक वर्षं गेली. हे पुस्तक द्या, पण पहिलं नको, आणि आत मारहाणीची वर्णनं आहेत हे आधी सांगून द्या.

हिंदीतलं एक पुस्तक सांगते, कारण ते लिहिणारी बाई तुमच्या बहिणीच्या वयाची असताना तीन मुलांच्या संसारात अडकलेली होती. बेबी हालदार यांचं ‘आलो-आंधारि’. लहानपणी आई घर सोडून गेली, बाराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी पहिलं मूल. पुढे मुलांना घेऊन ती नवऱ्याच्या घरातून निघाली आणि दूरच्या शहरात घरकाम करू लागली. ज्यांच्या घरी काम करत होती ते प्रबोध कुमार हे निवृत्त प्राध्यापक, प्रेमचंदांचे नातू. पुस्तकांच्या कपाटावरची धूळ झटकताना ही बाई पुस्तकं उघडून बघते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तिला आधी वाचायला एक बंगाली पुस्तक दिलं, आणि मग एक वही नि पेन दिलं: तुझं आयुष्य लिही. कामं आटोपल्यावर, मुलं झोपल्यावर ती बंगालीत लिहीत गेली. त्यांनीच त्याचा हिंदी अनुवाद केला, तो २००२ मध्ये आला. मूळ बंगाली त्यानंतर छापलं गेलं.

या पुस्तकाची भाषा अगदी साधी आहे. कुठे आव नाही, स्वतःची कीव नाही. कधीकधी मध्येच ती स्वतःला ‘बेबी’ म्हणून, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं लिहिते. बारा वर्षांची मुलगी लग्नाच्या गडबडीत खूश होते, कारण घरात गाणी आहेत, माणसं आहेत, खायला आहे. काय घडतंय ते तिला कळतच नाही. वाचणाऱ्याला कळतं. लेखिकेने त्यावर एक शब्दही जास्त खर्च केलेला नाही.

आता इंग्रजी. तिला वेळ लागतो म्हणालात, म्हणून दोनच सांगते. पहिलं ‘नर्व्हस कंडिशन्स’, त्सित्सी डांगारेम्बगा या झिंबाब्वेच्या लेखिकेची १९८८ मधली कादंबरी. तांबू नावाची मुलगी पहिल्याच वाक्यात सांगते, की माझा भाऊ मेला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. वाचणारा दचकतो, आणि मग कारण कळत जातं. घरात दोघांच्या फीपुरते पैसे नाहीत, म्हणून शाळा भावाची चालू राहते आणि तांबूची बंद होते. ही आठ-नऊ वर्षांची पोर बापाकडे बियाणं मागते, स्वतः जमीन खणते, मका लावते, भल्या पहाटे उठून राखते. कणसं भरतात आणि नाहीशी व्हायला लागतात. भाऊच ती चोरून मित्रांत वाटत असतो. ती त्याच्यावर तुटून पडते, सगळ्यांसमोर, धुळीत लोळून मारामारी होते. एक शिक्षक मध्ये पडतात, कणसं विकायला तिला गावात घेऊन जातात. तिथे एका गोऱ्या बाईकडून दहा पौंड मिळतात, म्हणजे पुढच्या काही वर्षांची फी. यावर बाप काय म्हणतो? मुलगी माझी, म्हणजे पैसेही माझे. मुख्याध्यापक पैसे स्वतःकडे ठेवून घेतात आणि पावती करून देतात, म्हणून ती शाळेत जाऊ शकते.

मला ही कादंबरी आवडते ती तांबूच्या रागासाठी. चांगल्या मुलींना राग येऊ नये, आला तर त्यांनी तो गिळावा, असं जगभरच्या मुलींना शिकवलं जातं. ही मुलगी तो गिळत नाही. त्यातून तिचं सगळं भलं होतं असंही नाही. शिक्षण मिळतं, आणि त्याबरोबर आपल्याच माणसांपासून तुटत जाण्याचं दुखणंही मिळतं. शेवट उघडा आहे. तुमच्या बहिणीने घातलेली अट हे पुस्तक पूर्ण करतं. एक सांभाळायचं: तांबूची चुलत बहीण न्याशा खाण्याच्या विकाराने खंगत जाते, ते वर्णन शेवटाकडे बरंच अंगावर येतं. तुमच्या बहिणीचं खाणं सध्या बिघडलेलं असेल तर हे पुस्तक थोडं थांबवा.

दुसरं माया अँजेलो यांचं ‘आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज’, १९६९ सालचं आत्मकथन. यात लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे, तो आधी न सांगता हे पुस्तक कुणालाही देऊ नये. त्या घटनेनंतर ही मुलगी जवळजवळ पाच वर्षं बोलेनाशी होते. मिसेस फ्लॉवर्स नावाच्या बाई तिला घरी बोलावतात, मोठ्याने वाचून दाखवतात, पुस्तकं देतात, आणि पुढच्या वेळी येताना एक कविता पाठ करून ये म्हणतात. ‘बोल’ असं म्हणत नाहीत. गप्प झालेल्या मुलीशी कसं वागावं हे या थोड्या पानांत आहे. तुमच्या बहिणीने नाही वाचलं तरी तुम्ही तेवढी पानं वाचा.

ॲन फ्रँकची डायरी तिने शाळेत असताना वाचली असेलच. मराठीत ती उपलब्ध आहे. वीस वर्षांच्या वयात पुन्हा वाचली तर वेगळी लागते. लहानपणी आपण युद्ध आणि शेवट तेवढा लक्षात ठेवतो. आता लक्षात येईल की दोन वर्षं कोंडून राहिलेली ही मुलगी आईशी भांडते, मोठ्यांच्या ढोंगावर चिडते, आणि १९४४ मध्ये, युद्धातल्या रोजनिश्या जपून ठेवा असं आवाहन रेडिओवर ऐकल्यावर स्वतःची डायरी बसून पुन्हा लिहून काढते, नीट, छापण्याजोगी. संकटात सापडलेली मुलगी म्हणून जग तिला ओळखतं. तिला स्वतःला लेखिका व्हायचं होतं, आणि त्या पोटमाळ्यावर ती त्याचीच तयारी करत होती.

दोन पुस्तकं सध्या देऊ नका. ती कमी दर्जाची आहेत म्हणून नव्हे. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही हरिभाऊ आपट्यांची कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः येत होती. यमू आपली गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगते. तिचा आवाज इतका मोकळा, इतका जवळचा आहे की शेवटच्या भागात तिचं जे होतं ते वाचणाऱ्याला फार दिवस सोडत नाही. मराठीतल्या थोर कादंबऱ्यांपैकी ती आहे. पण त्या पोरीपुढे एकही दार उघडं राहत नाही, आणि तुमच्या बहिणीला आज बंद दारांची गोष्ट नको आहे. शेवट गोड नको, असं ती म्हणाली. सगळं संपून जावं, असं म्हणाली नाही. या दोन्हींत फरक आहे आणि निवडताना तो सांभाळायला हवा. दुसरं, खालिद हुसैनी यांचं ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’. मराठी अनुवाद मिळतो, खूप जण सुचवतातही. मरियम आणि लैला या दोघींमधलं नातं मनाला भिडणारं आहे, पण घरातली मारहाण पानामागून पान चालते. ते पुढच्या वर्षी.

आता पुस्तक कसं द्यायचं याबद्दल, कारण चांगलं पुस्तक चुकीच्या पद्धतीने दिलं की वाया जातं. एका वेळी एकच द्या. सहा पुस्तकांचा गठ्ठा उशाशी ठेवला की तो अभ्यास होतो. ‘हे वाच, तुला बरं वाटेल,’ असं म्हणू नका. त्यात बरं वाटण्याची जबाबदारी तिच्यावर येते. ‘तू म्हणाली होतीस तसलं एक मिळालं,’ एवढं पुरे. वाचलं का, कुठपर्यंत आलीस, कसं वाटलं, हे विचारू नका. त्याऐवजी तेच पुस्तक तुम्हीही वाचा आणि फोनवर कधी बोलताना तुमचं मत सांगा: मला हिचा राग आला, इथे मला कंटाळा आला, हे मला पटलं नाही. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. तिने पुस्तक अर्धवट टाकलं तर टाकू द्या. ते तिच्याबद्दल काही सांगत नाही, त्या आठवड्याबद्दल सांगतं.

तुम्ही विचारलं नाही तेही लिहिते, कारण पत्रातलं एक वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. वीस वर्षांची मुलगी दोन वर्षं घर चालवते आहे. त्यात तुमचा वाटा किती, हे पत्रात नाही. असेल तर उत्तम. नसेल, किंवा कमी असेल, तर पुस्तकाबरोबर तोही विषय काढा, आणि तो तिच्यासमोर काढण्याआधी आईशी आणि स्वतःच्या घरात काढा. महिन्याला थोडी ठरलेली रक्कम, एखादी अशी जबाबदारी की जी पूर्ण तुमची, तिने विचारायचीसुद्धा नाही. महिन्यातून एखादी सुट्टी जी आईजवळ तुम्ही राहाल आणि ती बाहेर जाईल. कॉलेजबद्दलही एकदा तिला साधा प्रश्न विचारा: पुन्हा सुरू करायचंय का, आणि करायचं असेल तर काय लागेल? नोकरी करता करता पदवी पूर्ण करता येईल असे अभ्यासक्रम असतात. चौकशी तुम्ही करा, कागद गोळा करा, निर्णय तिला घेऊ द्या. ‘कळ्यांचे निःश्वास’ मी तिच्यासाठी सुचवलंय, पण तिला द्यायच्या आधी तुम्ही वाचा, असं मला मनापासून वाटतं.

आणि हे नीट ऐका. भिंतीकडे तोंड करून पडून राहणं हा थकवा असू शकतो, वडिलांचं दुःख असू शकतं, आणि आजारही असू शकतो. झोप उडाली आहे किंवा ती सतत झोपते आहे, जेवण तुटलंय, आवडीच्या कशातच मन लागत नाही, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललंय, असं असेल तर तिला डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे घेऊन जा. एकटी पाठवू नका, सोबत जा. मी नसते तर बरं झालं असतं, या अर्थाचं काही ती बोलली असेल, गमतीत का होईना, तर त्याच दिवशी जा. अशा वेळी कुठलंही पुस्तक उपचाराची जागा घेत नाही, आणि ‘ती वाचतेय म्हणजे ठीक आहे’ असं धरून चालू नये. तिला थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तसले विचार डोक्यात येत नाहीत. असलेच तर ते बोलायला जागा मिळते.

तिने पुस्तक मागितलं यावर मात्र माझी मोठी भिस्त आहे. या आठवड्यात ‘कळ्यांचे निःश्वास’ आणा. ते संपलं किंवा तिने बाजूला टाकलं, की पुढे ती काय मागते ते मला कळवा. हसणारी बाई हवी असेल तर लक्ष्मीबाई, आईबद्दल बोलायला लागली तर ‘आयदान’, रागावलेली असेल तर तांबू. आणि काहीच न मागता तिने एखादी कोरी वही विकत आणली, तर त्या वहीत काय आहे हे बघायला जाऊ नका.